लिहिणाऱ्याची सही

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की ती कायम करायची की नाही, हे उच्च न्यायालय ठरवतं. ज्या न्यायमूर्तींपुढे ते प्रकरण जातं त्यांनी एकाही साक्षीदाराला पाहिलेलं नसतं, कुणाचा आवाज ऐकलेला नसतो. त्यांच्यापुढे असतात ते खालच्या कोर्टात टाइप झालेले कागद. पिंजऱ्यात उभं राहून माणूस काय बोलला, कुठे अडखळला, कशाला ठाम नाही म्हणाला, हे सगळं त्या कागदांत उतरलं असेल तर आहे, नाहीतर नाही. आणि ते कागद ज्याच्या बोटांखालून निघतात तो कोर्टातला लघुलेखक, सगळ्यांच्या तोंडी ‘स्टेनो’. या नोकरीला पुढे काही भवितव्य आहे का, असा वाद बाररूममध्ये हल्ली रंगतो. त्यातली एक बाजू मला पटत नाही, पण तिच्यात दम आहे. म्हणून ती एका तरुण वकिलाच्या तोंडी घातली आहे. हा वकील कुणी एक माणूस नव्हे. ठिकठिकाणी ऐकू येणारे मुद्दे त्याच्या बोलण्यात एकत्र केले आहेत.

वकील : सर, सरळच विचारतो. आज एखाद्या बारावी झालेल्या पोरीला तुम्ही टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घालाल का? परीक्षा परिषदेची लघुलेखनाची साठच्या वेगाची परीक्षा, मग ऐंशीची, शंभरची, एकशेवीसची. मराठीची वेगळी, इंग्रजीची वेगळी. उमेदीची वर्षं त्या वळणदार रेघांमागे घालवायची आणि नोकरी लागेपर्यंत यंत्र दारात उभं. सर्वोच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठापुढची सुनावणी यंत्राकडून जागच्या जागी लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि ते प्रकरणही आपल्याच महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचं होतं. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा न्यायालयांतल्या साक्षी ‘अदालत एआय’ या साधनाने नोंदवायला सांगितलं. इंग्लंडने तर २०१२ मध्येच क्राउन कोर्टांतले लघुलेखक उठवून ध्वनिमुद्रण सुरू केलं. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं तुंबलेली आहेत. स्टेनो रजेवर आहे म्हणून तारीख द्यावी लागते, हे तुम्हाला मान्य आहे का?

मी : नाही, मान्य नाही. पक्षकार शंभर किलोमीटरवरून एसटीने आलेला असतो, साक्षीदाराची रोजंदारी बुडालेली असते. त्यांना स्टेनोअभावी परत पाठवणं अन्यायच आहे. यंत्र कोर्टात यावं, याबद्दल आपल्यात वाद नाही. वाद आहे तो यंत्र आल्यावर माणसाने काय करायचं याचा. तुम्ही सर्वोच्च न्यायालयाचा दाखला दिलात. तिथे चाललेला असतो युक्तिवाद. बोलणारे वकील, भाषा इंग्रजी, समोर माइक, एकाच वेळी सहसा एकच आवाज, आणि यंत्राने लिहिलेलं नंतर त्याच वकिलांना तपासायला मिळतं. सत्र न्यायालयातली साक्ष ही वेगळीच गोष्ट आहे. महाराष्ट्रात १९९८ पासून खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, पण पिंजऱ्यातला माणूस पुस्तकातली मराठी बोलत नाही. धुळ्याचा साक्षीदार अहिराणीत बोलतो, कणकवलीचा मालवणीत, मेळघाटातल्या बाईची मराठी कोरकूच्या वळणाने येते. छतावर पंखा घरघरत असतो, बाहेर पट्टेवाला पुढच्या प्रकरणाचा पुकारा करत असतो, दोन वकील एकदम उठून हरकत घेतात.

समजा, उलटतपास चालू आहे. वकिलाने विचारलं, ‘त्या वेळी अंधार होता की नाही?’ साक्षीदार म्हणाला, ‘अंधार होता, पण चांदणं पडलं होतं ना. आणि हा एवढ्यावर उभा होता.’ बोलताना त्याने दोन्ही हात पसरले आणि मग आरोपींच्या बाकाकडे बोट केलं. नोंद अशी व्हायला हवी : ‘घटनेच्या वेळी अंधार होता हे म्हणणे खरे आहे. साक्षीदार स्वतःहून सांगतो की, चांदणे पडले होते. (साक्षीदार दोन्ही हात पसरून अंतर दाखवतो, ते अंदाजे पाच फूट. साक्षीदार आरोपी क्र. २ कडे बोट दाखवतो.)’ यंत्राने शब्द अगदी बिनचूक टिपले तरी हाती येतं ते एवढंच : ‘हा एवढ्यावर उभा होता.’ पाच वर्षांनी अपिलात ‘हा’ म्हणजे कोण आणि ‘एवढ्यावर’ म्हणजे किती, हे कुणालाही सांगता येणार नाही. बाकावर तीन आरोपी बसले असतील तर त्यातल्या एकाचं आयुष्य या दोन शब्दांवर अडकलेलं असतं. साक्षीदार नुसती मान हलवतो, कधी प्रश्नावर गप्प उभा राहतो, कधी रडतो. या गोष्टी आवाजात नसतातच.

वकील : मुद्दा चांगला आहे, पण तो तुमच्या बाजूचा नाही. हात पसरल्याची नोंद करायला सांगतात न्यायाधीश. साक्षीदार बोलतो, साहेब ऐकतात, वाक्य बांधतात आणि डिक्टेट करतात; स्टेनो ते उतरवतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३११ काय सांगतं? साक्ष न्यायाधीशाने स्वतः लिहावी, नाहीतर खुल्या न्यायालयात तोंडी सांगून लिहून घ्यावी, नाहीतर त्याच्या देखरेखीखाली न्यायालयाच्या अधिकाऱ्याने लिहावी. साक्षीदाराच्या हावभावांवर शेरा मारायचा तर कलम ३१५, तोही अधिकार न्यायाधीशाचाच. डोकं त्यांचं, स्टेनोचे फक्त हात. आणि हातांचं काम यंत्र करतं, यात दुःख कसलं?

मी : तुम्ही वर्णन केलं ते खरं आहे आणि माझी तक्रार नेमकी त्याचबद्दल आहे. आपण या माणसाला हात म्हणून नेमलं, हात म्हणूनच वाढवलं. भरतीत त्याचा वेग मोजला. पुढे श्रेणी तीनमधून दोनमध्ये, दोनमधून एकमध्ये तो जातो तेव्हाही नोंद किती खरी उतरली, याचा हिशेब कुणी मागत नाही. पण कामाचं स्वरूप कलमाच्या शब्दांपेक्षा मोठं आहे. न्यायाधीशाला एकाच वेळी प्रश्न चालण्याजोगा आहे का ते बघायचं असतं, हरकतीवर निर्णय द्यायचा असतो, निशाणी क्रमांक टाकायचा असतो आणि साक्षीदाराचं उत्तर आपल्या वाक्यात बांधायचं असतं. अशा वेळी एखादा शब्द निसटतो. जाणता लघुलेखक टंकन थांबवतो, मान वर करून म्हणतो, ‘साहेब, चांदण्याचं राहिलं.’ हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. ते त्याच्या सचोटीवर आणि समोरच्या न्यायाधीशाच्या मोकळेपणावर चालतं. नवखा, बिचकणारा स्टेनो ते वाक्य गिळतो.

अमेरिकेत हेच काम करणारी व्यक्ती कायद्याच्या नजरेत वेगळी आहे. तिथल्या संघीय न्यायालयांत १९४४ पासून कायद्याने नेमलेले कोर्ट रिपोर्टर आहेत, आणि रिपोर्टरने प्रमाणित केलेली प्रत विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. साक्षीदार पुटपुटला, दोघे एकदम बोलले, तर रिपोर्टर हात वर करून खटला थांबवतो, पुन्हा बोलायला लावतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी उद्धट म्हणत नाही. तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या मूलभूत प्रमाणपत्राला प्रश्नोत्तरांचा वेग मिनिटाला २२५ शब्द आणि अचूकता ९५ टक्के लागते. पण माझ्या लेखी वेगापेक्षा मोठी गोष्ट आहे ती सही. रिपोर्टर प्रतीखाली आपलं नाव लिहितो आणि त्या नावाला धरून त्याला जाब विचारता येतो. आपल्या साक्षीच्या कागदावर न्यायाधीशांची सही असते. लिहिणाऱ्याला मात्र आपण त्या कागदाचा जबाबदार धनी कधी केलंच नाही.

वकील : त्या ९५ टक्क्यांचंच बोलू. फिलाडेल्फियाच्या कोर्ट रिपोर्टरांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात आला. सत्तावीस प्रमाणित रिपोर्टरांना कृष्णवर्णीयांच्या बोलीतली वाक्यं ऐकवली. पूर्ण बरोबर उतरली ती सुमारे साठ टक्के वाक्यं. जवळजवळ एकतीस टक्के नोंदींत कोण, काय, कधी, कुठे यातलं काहीतरी बदललं. म्हणजे तुमचा सही करणारा माणूससुद्धा गरिबाची बोली नीट ऐकत नाही. आणि कॅलिफोर्नियात काय झालं? काही प्रकारच्या कामात ध्वनिमुद्रणाला कायद्याने मज्जाव, रिपोर्टर मिळत नाहीत, ज्याच्याकडे पैसे आहेत तो खाजगी रिपोर्टर आणतो, बाकीच्यांच्या सुनावणीची नोंदच नाही. नोंद नाही म्हणून अपील उभं राहत नाही. अखेर २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की फी माफ असलेल्या गरीब पक्षकाराला रिपोर्टर मिळालाच पाहिजे. माणूसच हवा, हा हट्ट शेवटी गरिबाच्याच मुळावर येतो.

मी : दोन्ही दाखले खरे आहेत आणि दोन्ही मला टोचतात. कॅलिफोर्नियाच्या बाबतीत तर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. माणूस उपलब्ध नसेल तर यंत्र चालू ठेवायचं. काहीच नोंद नसणं यापेक्षा वाईट दुसरं काही नाही. फिलाडेल्फियाचा अभ्यास मात्र अर्ध्यावर सोडून चालणार नाही. त्याच बोलीसमोर यंत्रांनी काय केलं, तेही तपासून झालं आहे. ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या प्रणालींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या बोलणाऱ्यांच्या बाबतीत शंभरात सरासरी १९ शब्दांची चूक, कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ३५ शब्दांची. त्यानंतर यंत्रं पुष्कळ सुधारली, हे मी नाकारत नाही. पण दोघांचीही खोट एकाच जागी आहे : ज्यांची बोली शाळेत आणि पुस्तकात नाही, त्यांचं बोलणं दोघांनाही कमी कळतं. मग विचारायचं ते हे, की यातल्या कुणाला शिकवता येतं, कुणाला अडवून विचारता येतं आणि चूक निघाल्यावर कुणाला बोलावून घेता येतं. फिलाडेल्फियाच्या अभ्यासकांनी रिपोर्टरांना घरी पाठवा असं म्हटलं नाही. त्यांना ती बोली शिकवा असं म्हटलं.

शिवाय चुकांची जात वेगवेगळी असते. माणसाला ऐकू आलं नाही तर तो बहुधा कचरतो, जागा मोकळी ठेवतो, पुन्हा विचारतो. निदान त्याला ते ठाऊक तरी असतं. ‘व्हिस्पर’ या बोलणं लिहून काढणाऱ्या प्रणालीवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. तपासलेल्या तुकड्यांपैकी सुमारे एक टक्क्यात कुणी उच्चारलीच नव्हती अशी अख्खी वाक्यं तिने घातली होती, आणि त्यातल्या ३८ टक्क्यांत हिंसेसारखा घातक मजकूर होता. मला सर्वांत गंभीर वाटतं ते पुढचं : बोलण्यात मोकळ्या जागा जास्त असतील तिथे हा प्रकार अधिक होत होता. आता कोर्टात गप्प कोण राहतं ते आठवा. अत्याचाराला बळी पडलेली मुलगी गप्प राहते, भावाविरुद्ध साक्ष द्यायला आलेला माणूस गप्प राहतो, प्रश्न न समजलेली म्हातारी गप्प राहते. त्या मौनाला खटल्यात वजन असतं. तिथे न उच्चारलेलं वाक्य घुसलं आणि ते सुबक टाइपात छापून आलं, तर वाचणाऱ्याला संशय यायचं कारणच उरत नाही. एक टक्का हा आकडा लहान वाटतो, पण चाळीस पानांच्या साक्षीत ते वाक्य नेमकं कुठे पडेल हे सांगता येत नाही.

वकील : सर, तुम्ही स्टेनोला फार चांगलं रंगवता. प्रत्यक्षातल्या साक्षी वाचा. सगळे साक्षीदार एकाच सुरात बोलतात. ‘माझ्या पोलीस जबाबात तसे का लिहिले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.’ शेतकरी असो, डॉक्टर असो, हेच वाक्य. हे त्यांचं बोलणं नव्हे, स्टेनोच्या बोटांना बसलेली सवय आहे.

मी : हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे. त्या वाक्यावर कधीकधी अख्खा खटला फिरतो. साक्षीदार प्रत्यक्षात म्हणालेला असतो, ‘मी सांगितलं होतं की, त्यांनीच नाही लिहिलं.’ कागदावर मात्र उतरतं की कारण सांगू शकत नाही. पहिल्या वाक्याने बोट तपास अधिकाऱ्याकडे जातं, दुसऱ्याने साक्षीदार खोटा ठरतो. साचा बसला की न्यायाधीश तेच सांगतात, स्टेनोची बोटं त्याच्या आधीच धावतात, वकिलालाही ते सोयीचं असतं. साक्ष संपल्यावर साक्षीदाराला ती आरोपीसमोर किंवा त्याच्या वकिलासमोर वाचून दाखवावी, दुरुस्ती करावी, हे कलम ३१३ मध्ये स्पष्ट आहे. पण दिवसाच्या भरगच्च बोर्डावर ते वाचन भरभर होतं. इथे मला यंत्र हवंच आहे. साक्षीचा आवाज जपून ठेवला असेल तर ‘मी तसं बोललो नव्हतो’ म्हणणाऱ्या माणसाला त्याचेच शब्द ऐकवता येतील. पण हा साचा मोडायला नुसता आवाज पुरत नाही. इंग्लंडचंच बघा. तिथे सगळं ध्वनिमुद्रित आहे, पण त्याची लिखित प्रत हवी तर पैसे मोजावे लागतात, आणि आपल्याच खटल्यातली नोंद वाचायला मिळावी म्हणून अत्याचारपीडितांना मोठ्या रकमा भरायची वेळ आली. २०२४ च्या मे महिन्यात सरकारने शिक्षा सुनावतानाचं न्यायाधीशांचं भाष्य अशा पीडितांना फुकट द्यायची प्रायोगिक सोय सुरू केली. आवाज साठवला म्हणजे नोंद झाली असं नाही. कुणीतरी तो ऐकून, ताडून, सही करून कागदावर आणावाच लागतो.

वकील : बरं, राहू द्या माणूस. पण मग त्या बारावीच्या पोरीला तुम्ही काय सांगणार? आयुष्यभर यंत्राच्या चुका शोधत बस?

मी : तिला सांगेन की लघुलेखन शीक, कारण ऐकण्याची अशी तालीम दुसरीकडे मिळत नाही, पण तिथेच थांबू नकोस. पुराव्याचा कायदा वाच. सरतपास, उलटतपास, फेरतपास यांत काय नोंदवायचं आणि काय नाही, जबाबातली विसंगती आणि वगळलेली गोष्ट यांत फरक काय, हे तुला न्यायाधीशाने सांगायच्या आत कळलं पाहिजे. न्यायवैद्यक अहवालातले शब्द, सात-बारावरचे रकाने, बंदुकीच्या काडतुसाचे भाग यांची नावं बिनचूक हवीत. नेमणूक नंदुरबारला झाली तर भिली कानावर पडू दे, गडचिरोलीला झाली तर गोंडी. यंत्राने दिलेला मसुदा आवाजाशी ताडायचं काम नव्या माणसाला झेपत नाही; त्याला अनुभवी कान लागतो. ही वाढ श्रेणीच्या आकड्यात दिसणार नाही, म्हणून श्रेणीचे नियमच बदलायला हवेत. बढतीच्या वेळी शब्दांचा वेग मोजण्यापेक्षा त्याने तयार केलेल्या दहा साक्षी काढाव्यात आणि ध्वनिमुद्रणाशी ताडून बघाव्यात. जो इथे उतरेल त्याला ‘नोंद अधिकारी’ म्हणा, वेतन द्या, आणि साक्षीदाराला अडवून ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचा लेखी अधिकार द्या. दिवसभर सलग टंकन करणाऱ्या माणसाला दुपारनंतर नीट ऐकू येत नाही. तेव्हा दर तासाला बदली माणूस द्या. यंत्रामुळे जो वेळ वाचेल तो इथे खर्च व्हायला हवा, नाहीतर तो पुढच्या तारखांत विरून जाईल.

वकील : आणि सहीनंतर चूक निघाली तर? उद्या उच्च न्यायालयाने ताशेरे मारले, तर त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल. मग सही करायला कोण पुढे येईल?

मी : चूक आणि लबाडी यांत फरक करावा लागेल. जाणूनबुजून नोंद बदलली तर तो आजही गुन्हा आहे. प्रामाणिक चूक मात्र दुरुस्त करता यावी : साक्ष झाल्यावर दोन्ही बाजूंना मसुदा मिळावा, हरकत घ्यायला ठरावीक दिवस असावेत, वाद झाला तर आवाज ऐकून न्यायाधीशांनी निर्णय द्यावा आणि मूळ मसुदा तसाच जपून ठेवून दुरुस्ती वेगळी दाखवावी. अशा रीतीने सापडलेल्या चुकीबद्दल शिक्षा नको. हे एका जिल्ह्यात, एखाद्या सत्र न्यायालयात वर्षभर करून बघायला नवा कायदाही लागणार नाही. देखरेखीखाली साक्ष लिहिणारा ‘न्यायालयाचा अधिकारी’ कलम ३११ मध्ये आहेच, आणि ध्वनिचित्रमुद्रणाची मुभाही संहितेत आहे.

वकील : म्हणजे उच्च न्यायालयाचं एक परिपत्रक पुरेल.

मी : पुरेल. फक्त त्यात आवाज किती काळ जपायचा, हे स्पष्ट लिहावं लागेल. अपिलाची मुदत संपली म्हणून पुसून टाकता येणार नाही. शेवटचं अपील निकाली निघेपर्यंत आणि शिक्षा भोगणारा माणूस तुरुंगात असेपर्यंत ते मुद्रण राहिलं पाहिजे, आणि त्याची प्रत आरोपीला विनामूल्य मिळाली पाहिजे.